वचनाचा डबा

पाळकाने सोमवारी काय करावं याविषयी शास्त्रात काहीही लिहिलेलं नाही. मी शोधून पाहिलं आहे. रविवारविषयी भरपूर आहे, शनिवारविषयी तर विचारूच नका. सोमवारी मात्र माणसाला मोकळं सोडलेलं दिसतं. या मोकळिकीचा आधार घेऊन मी गेली सहा वर्षं दर सोमवारी तळेगावहून लोणावळ्याला जातो. मंडळीत सांगताना 'अभ्यासाला जातो' असं सांगतो. यात खोटं काही नाही. तिथे आम्ही चौघं चार-चार तास नकाशे, तक्ते आणि नियमांच्या वह्या उघडून बसतो. त्या नकाशात लोहगडावर तीन तोंडांचा अजगर बसलेला असतो आणि तुंगच्या वाटेवर वेताळांचं नाकं असतं, एवढंच मी सांगत नाही.

खेळाचं नाव अंधारगड. तो आमचा आम्हीच रचला आहे. ज्याने त्याने एक सोंग घ्यायचं, कुणी जादूगार, कुणी धनुर्धर, कुणी चोर, आणि मावळातले सात किल्ले अंधाराच्या राजाकडून सोडवायचे. गौरवच्या चिक्कीच्या दुकानावर एक माळा आहे, तिथे हा संग्राम चालतो. गौरव स्वतः फोमचं चिलखत बनवतो आणि वर्षातून एकदा ते घालून पुण्यात असल्याच हौशी लोकांच्या मेळाव्यात हिंडून येतो. वराळ्याचा ओंकार कॉम्प्युटरमधला माणूस. तो अंगठ्याएवढे सैनिक रंगवतो आणि एकेका सैनिकाच्या भुवयांना एकेक संध्याकाळ घालवतो. यशोधरा लोणावळा स्टेशनवर तिकीट खिडकीत बसते आणि नियमांच्या बाबतीत तिला कुणाचीही दया येत नाही. आणि मी, म्हणजे रेव्हरंड शांतवन रणभिसे, वय अठ्ठेचाळीस, कार्डं लिहितो.

ही कार्डंच मला नडली. अंधारगडात प्रत्येक डावाला एक कार्ड ओढायचं आणि त्यावरचा हुकूम मानायचा. हुकूम म्हटला की भाषा भारदस्त हवी, आणि मला भारदस्त मराठी एकाच प्रकारचं येतं, ते उपदेशाचं. एकवीस वर्षं उपदेश करून माझी भाषा अशी झाली आहे की मी दूधवाल्यालासुद्धा 'उद्या एक लिटर येवो' असं सांगतो, असं माझी पत्नी अनिता म्हणते. ती शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे तिचं मत मनावर घ्यावं लागतं. तर मी लिहिलं ते असं: 'तुझ्या छावणीत एक फितूर आहे. तोंड उघडू नकोस, नजर ठेव.' किंवा, 'तुला अदृश्य केलं आहे. दहा घरं चालून जा.' अशी शंभर कार्डं मी तीन आठवड्यांत लिहून काढली. खरं सांगतो, उपदेश लिहिताना माझा हात कधी असा चालला नव्हता. ही गोष्ट मी कुणाजवळ बोललो नव्हतो, कारण मला तिची लाज वाटत होती.

आता वचनांविषयी सांगायला हवं. आमच्या मंडळीत वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळची उपासना संपली की दारात एक डबा धरलेला असतो. प्रत्येक कुटुंबाने डोळे मिटून त्यातलं एक कार्ड काढायचं, न वाचता घरी न्यायचं आणि प्रार्थना करून उघडायचं. त्यावर शास्त्रातलं जे वचन निघेल ते त्या घराचं वर्षभराचं. कुणी त्याची फ्रेम करतात, कुणी फ्रिजवर चिकटवतात. मुलीला स्थळ आलं किंवा कंपनीतून नोटीस आली की माणसं आधी त्या कार्डाकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

गेल्या डिसेंबरात वचनांची आणि खेळाची कार्डं एकदम छापून घ्यावीत, ही हुशारी मला सुचली. कैलासच्या छापखान्यात एकाच जाडीच्या मलईरंगी कागदावर, एकाच मापात, एकाच टायपात दोन्ही छापली. कैलासने विचारलंसुद्धा, "साहेब, दोन्हीतला फरक कसा कळणार?" मी म्हणालो, "वाचल्यावर कळेल." गौरव दर दिवाळीला आम्हाला चिक्कीचे पत्र्याचे डबे देतो. दोन्ही गठ्ठे मी तसल्याच दोन डब्यांत ठेवले आणि नाताळच्या धावपळीत एक लोणावळ्याला पाठवला.

एक तारखेला उपासना छान झाली. दारात आमच्या कमिटीचे सचिव सोपानराव डबा धरून उभे होते आणि मी शेजारी उभा राहून हात मिळवत होतो. बहात्तर कुटुंबांनी डोळे मिटून बहात्तर कार्डं काढली. त्र्याहत्तरावं आमचं. घरी आल्यावर आम्ही दोघांनी गुडघे टेकले, मी जरा लांबच प्रार्थना केली आणि अनिताने कार्ड उघडून खणखणीत आवाजात वाचलं, "जादूगाराला शरण जा, नाहीतर सात पावलं मागे ये."

तिने कार्ड उलटून मागची बाजूही पाहिली.

"हे कुठल्या अध्यायात आहे?" तिने विचारलं. तिला सगळं कळलं होतं. शिक्षकांना उत्तर माहीत असलं की ते जास्त शांतपणे प्रश्न विचारतात.

तेवढ्यात फोन वाजला. नव्या वर्षाची सुटी म्हणून तिघं माळ्यावर खेळायला जमले होते. यशोधरा वैतागली होती. "सर, तुमच्या या नव्या कार्डांनी खेळताच येत नाहीये. सगळ्यांचं चांगलंच होणार असं लिहिलंय. अजगर समोर आला तरी भिऊ नको म्हणतंय. हरायची सोयच ठेवली नाही तुम्ही!"

मी तिला म्हणालो की तेवढा डबा सांभाळून ठेव, तो खेळाचा नाही. बहात्तर घरांत माझे हुकूम जाऊन बसले होते.

साधा माणूस दुसऱ्या दिवशी उठला असता आणि सगळ्यांना खरं सांगून मोकळा झाला असता. पण पाळक साधा नसतो, त्याला मान असतो. सांगायचं म्हणजे सोमवारचंही सांगावं लागणार होतं. मी कुंपणाशी उभा राहून विचार करत होतो, तर शेजारचे माऊली कुंपणापलीकडून बघत होते. माऊलींचं घराणं शेतीतलं, आता जमिनीवर गाळे बांधून भाडं खातात आणि उरलेला वेळ माझी काळजी करतात. त्यांना मी गोष्ट अर्धीच सांगितली, की कार्डं चुकीची वाटली गेली आहेत.

"त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "आमच्यात पंचांग चुकलं तर भटजी दक्षिणा घिऊन दुसरं सांगतो. तुमी असं करा, लॅमिनेशन करून देतो म्हणा. लॅमिनेशनला कोण न्हाई म्हणत न्हाई. कार्डं गोळा करा, चुकीची ठेवून घ्या, बरोबर असलेली परत द्या."

हा सल्ला मला आवडला, यावरून माझी तेव्हाची मनःस्थिती लक्षात यावी. मी सोपानरावांकडे गेलो. सोपानराव कारखान्यात तपासणी खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते खातं आमच्या मंडळीत आणलं आहे. म्हणाले, "वाटप कमिटीने केलं आहे. परत घ्यायचं तर ठराव लागेल. ठरावाला सात दिवसांची नोटीस." बोलताना ते माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होते. नंतर खजिनदारांकडेही तसेच बघत राहिले. मग मला उमगलं की फितुराचं कार्ड कुणाकडे गेलं होतं. आठवड्याभरात त्यांनी कमिटीच्या एकूणएक माणसावर नजर ठेवली, ती तोंड न उघडता, आणि तिसऱ्या रविवारी बिशपसाहेबांनी स्वतः उपासनेला यावं अशी पत्राने विनंती करून टाकली.

ठरावाची वाट न बघता मी लॅमिनेशनच्या नावाखाली घरोघर हिंडायला लागलो. एरवी माझ्या भेटी वर्षातून दोन, आजारपणात तीन. आता दिवसाला पाच घरं होऊ लागली. माणसं भारावली. "असा फिरणारा पाळक आमी बघितला न्हाई," असं लोक माझ्या तोंडावर म्हणत होते आणि मी चहाच्या कपात बघत होतो. एकतीस कार्डं हाती आली. बाकीची येईनात. परंदवडीच्या चिमाबाईंना अदृश्य होऊन दहा घरं चालण्याचा हुकूम निघाला होता. त्या म्हणाल्या, "अदृश्य तर मी हायेच वो. सून बघती का कदी माज्याकडं?" आणि एक तारखेपासून त्या रोज संध्याकाळी वस्तीतली दहा घरं मोजून चालत होत्या. सून सारिका दारात उभी होती. ती म्हणाली, "साहेब, आत्याबाईंची साखर उतरलीय. ते कार्ड नेऊ नका." मी ते कार्ड सोडून निघालो. वाटेत मला जरा बरं वाटलं, हेही कबूल करतो.

ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. दुपारी नवलाख उंबऱ्याच्या पवनचा फोन आला. पवन ठोंबरे तिथल्याच एका कंपनीत कामाला आहे. त्याचे वडील भिमाजीआबा गेले चार महिने पोटाच्या दुखण्याने झिजत होते. आतड्यात गाठ निघाली होती. तळेगावच्या दवाखान्यात पुण्याचे सर्जन फक्त रविवारी येतात, त्यांनी तिसऱ्या रविवारची तारीख दिली होती आणि यापुढे थांबू नका असं बजावलं होतं.

"पाळकसाहेब," पवन म्हणाला, "आई आबांना न्यायला तयार न्हाई. वचन आडवं आलंय."

"काय वचन आहे?"

"वर्ष पालटेपर्यंत नदी ओलांडू नकोस."

तळेगाव इंद्रायणीच्या एका बाजूला आहे आणि नवलाख उंबरे दुसऱ्या बाजूला. मध्ये आंबीचा पूल. मी ते कार्ड कधी लिहिलं तेही मला आठवत होतं. खेळणाऱ्याने घाई करू नये म्हणून मुद्दाम घातलेला तो अडथळा होता, आणि 'वर्ष पालटेपर्यंत' हे मी नुसतं नादासाठी घातलं होतं. अंधारगडात एक डाव म्हणजे एक वर्ष.

मी लगेच स्कूटर काढली. पवनची आई कस्तुराबाई दारात तांदूळ निवडत होत्या, आबा बाजेवर पडून होते आणि घरामागे कंपनीची भिंत होती. भिंतीवर, बाजेच्या बरोबर वर, माझं कार्ड फ्रेम करून लावलेलं होतं. शेजारी मागच्या सगळ्या वर्षांची वचनं होती. चाळीस फ्रेमा. मी त्या मोजल्या नाहीत, त्यांनीच सांगितलं.

आणि इथे मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते. मी खरं सांगितलं नाही. मी अर्थ सांगितला. नदी म्हणजे मनातली भीती, ओलांडू नकोस म्हणजे घाबरून पळू नकोस, तेव्हा वचनाचा रोख ऑपरेशन करण्याकडेच आहे, असं मी पाऊण तास समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"न्हाई पाळकसायेब," त्या म्हणाल्या. "नदी म्हंजी नदी. तुमीच सांगितलं व्हतं, वचन जसं लिवलंय तसं घ्यायचं, आपल्या सोयीचं वळवायचं न्हाई. चाळीस वर्सं काढतीया मी. एकबी मोडलं न्हाई. म्हणून तर ह्यो संसार उभा हाय."

ते मीच सांगितलं होतं. ऑगस्टमधला दुसरा रविवार. चांगला झाला होता तो उपदेश.

"आणि चर्चला येणं?" मी विचारलं.

"तेबी पुलापल्याडच हाय की. औंदा हितंच परार्थना करीन."

आबा बाजेवरून म्हणाले, "मला काय, मी भ्यालेलाच हाय. वचन माज्या सोयीचं हाय." आणि हसायला गेले तर त्यांना कळ आली. ती जाईपर्यंत कस्तुराबाई त्यांचा हात धरून बसल्या. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की या बाईला नवरा हवा आहे, आणि तो राहावा म्हणूनच ती त्याला नेत नाही.

घरी येऊन मी अनिताला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. तपासता तपासता म्हणाली, "तुमच्या खेळाचं मला कधीच काही वाटलं नाही. सहा वर्षं तुम्ही तो लपवता, त्याचं वाटतं. चोरी करायला गेल्यासारखे निघता सोमवारी. माणूस चार तास आनंदात असतो, तर त्यात देवाला काय अडचण आहे?" मग तिने लाल पेन खाली ठेवलं. "पण आबांना काही झालं तर मला तुमच्यासमोर उपासनेला बसता येणार नाही. आधीच सांगून ठेवते."

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा नवलाख उंबऱ्याला गेलो. गौरवकडून आणलेला खऱ्या वचनांचा डबा पिशवीत होता, आणि गोळा केलेली एकतीस कार्डं खिशात. या वेळी मी चहा घेतला नाही. उभ्यानेच सांगितलं. खेळ सांगितला, माळा सांगितला, अजगर सांगितला, दोन डबे सांगितले. ज्यांच्या घरी मी एकवीस वर्षं देवाच्या वतीने बोललो होतो, त्यांना मी सांगत होतो की मी दर सोमवारी जादूगार असतो.

कस्तुराबाईंनी फ्रेम भिंतीवरून काढली आणि हातात धरली.

"हे तुमी लिवलं?"

"हो."

"तुमच्या मनानं?"

"हो मावशी."

"म्हंजी औंदा देव आमच्याशी बोललाच न्हाई."

मी पिशवीतला डबा काढून पुढे केला आणि म्हणालो की यात खरी वचनं आहेत, आता काढा.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या डब्यातनं मी आता काय काढायची न्हाई." त्या रागावल्या असत्या तर मी सोसलं असतं. त्या शांतपणे बोलत होत्या.

बाजेवरून आबा म्हणाले, "तरी मला वाटलंच. देव येवढं माज्या सोयीचं कदी बोलत न्हाई."

बाहेर कंपनीचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, बायका रस्त्याने बोलत गेल्या. कस्तुराबाईंनी पदराने फ्रेमची काच पुसली. मग त्यांनी विचारलं, "त्या खेळात हे कार्ड निघालं, तर तो गडी जलमभर तितंच बसून ऱ्हातो व्हय?"

"नाही. ओलांडता येते."

"कशी?"

मला वाटलं, आता काहीतरी सुंदर बनवून सांगावं. पण बनवून सांगितल्यामुळेच इथवर आलो होतो, म्हणून मी नियम सांगितला. हा नियम यशोधराने हट्टाने घातला होता, कारण तिच्या मते एक गडी नुसता बसून राहिला की खेळाची मजा जाते. "एकट्याने ओलांडता येत नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या एका गड्याने आपला डाव सोडायचा आणि त्याच्यासोबत पुलावरून चालायचं. मग चालतं."

"डाव सोडायचा म्हंजी त्याचं नुसकान."

"हो. कधी कधी तो गडी हरतोसुद्धा."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुमचा डाव कवा हाय?"

"रविवारी सकाळी दहाला," मी म्हणालो. "बिशपसाहेब येणार आहेत."

"आन् ह्यांचं आपरेशन?"

"रविवारी सकाळी दहाला."

त्यांनी फ्रेम बाजेवर उपडी ठेवली. "नऊला या," त्या म्हणाल्या.

शनिवारी मी सगळी हकीकत दोन पानांवर लिहून काढली, साध्या मराठीत, कुठेही 'येवो' न घालता. ती रविवारी उपासनेत वाचून दाखवायला अनिताकडे दिली. तिने तीन ठिकाणी व्याकरण सुधारलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली.

रविवारी पवनच्या मित्राची गाडी होती. आबा मागच्या सीटवर आडवे, मी पुढे पांढऱ्या झग्यात, कारण घाईत दुसरं काही सुचलं नव्हतं. पूल आला तशी कस्तुराबाई म्हणाल्या, "थांबवा."

"आई, उशीर होतोय," पवन म्हणाला.

"सोबत चालायचं म्हनले हायेत ते. गाडीत बसून न्हाई."

आम्ही दोघं उतरलो. त्यांनी माझा हात धरला, घट्ट, आणि आम्ही आंबीच्या पुलावरून चालायला लागलो. मागे गाडी पावलापावलाने येत होती. तिच्यामागे कंपनीच्या दोन बसेस अडकल्या आणि त्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली. बसच्या खिडक्यांतून लोक मोबाईलवर आमचं शूटिंग करत होते. 'ओ फादर, नवरी कुठंय?' असं कुणीतरी ओरडलं. एरवी मी अशा वेळी मान ताठ करतो. त्या दिवशी बाईंच्या पावलाशी पाऊल जुळवण्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं. पुलाच्या मध्यावर त्यांनी डोळे मिटले. पलीकडे पोचल्यावर उघडले, मागे वळून एकदा नदी पाहिली आणि काही न बोलता गाडीत बसल्या.

दवाखान्यात फॉर्म भरावा लागला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सोबत कोण आहे? पेशंटशी नातं?" मी घसा साफ करून माझं पद सांगणार, इतक्यात कस्तुराबाई म्हणाल्या, "हे खेळातले हायेत." मुलीने माझा झगा पाहिला, थोडा विचार केला आणि 'इतर' या रकान्यात खूण केली.

आबांना आत नेलं. पवन रक्ताच्या पिशव्यांसाठी पिंपरीला पळाला. बाकावर आम्ही दोघंच उरलो. अर्धा तास कस्तुराबाई बंद दाराकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "असं बसलं तर मला येड लागंल. शिकवा त्यो तुमचा खेळ."

मी एक्स-रेच्या पाकिटाच्या मागे पेनने किल्ले काढले. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. ही नावं त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत होती, तिकोना मी चुकीच्या बाजूला काढला होता तो त्यांनी हलवायला लावला. खिशात एकतीस कार्डं होतीच. त्या धनुर्धर झाल्या. पहिल्या दोन डावांत त्या नुसत्या हो म्हणत होत्या. तिसऱ्या डावात वेताळांनी वाट अडवली तेव्हा त्यांनी त्यांना अशा शिव्या घातल्या की जाणारी नर्स थांबली.

साडेबाराला जिन्यावर पावलं वाजली. पुढे सोपानराव, मागे बिशपसाहेब, अंगात झगा आणि गळ्यात मोठा क्रूस. उपासना संपवून ते थेट आले होते. मी उभा राहिलो, हातात पाच कार्डं.

"माझं कार्ड खोटं नव्हतं," सोपानराव म्हणाले. आवाजात राग कमी आणि समाधान जास्त होतं. "छावणीत फितूर होताच. सापडला."

बिशपसाहेब काही बोलण्याच्या तयारीत होते. कस्तुराबाईंनी मान वर केली. "सायेब, बसा. माजा डाव चाललाय."

बिशपसाहेब बसले. माझ्या हातातलं एक कार्ड त्यांनी घेतलं, चष्मा लावून वाचलं, मग दुसरं वाचलं. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो साहेब."

"तुमचे उपदेश मी ऐकले आहेत," ते गंभीरपणे म्हणाले. "हे त्यांच्यापेक्षा बरं आहे."

कस्तुराबाई तिकोन्याच्या पायथ्याशी पोचल्या होत्या तेव्हा आतलं दार उघडलं.

"भिमाजी ठोंबरेंचे नातेवाईक कोण?"

आम्ही चौघंही उभे राहिलो. कार्डं खाली पडली. सर्जन आमच्याकडे बघत राहिले, एक नऊवारीतली बाई, दोन झगे आणि हातात फाईल धरलेले सोपानराव.

"गाठ पूर्ण निघाली," ते म्हणाले. "आबा ठीक आहेत. शुद्धीवर येतायत. पण आत एकच जण जाईल."

कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून रडल्या. एक तारखेपासूनचं सगळं रडणं त्यांनी तिथे काढलं. माझेही डोळे वाहत होते आणि ते लपवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मग त्यांनी तोंड पुसलं, चपला काढल्या आणि दाराकडे निघाल्या. दारात थांबून त्या मागे वळल्या आणि बिशपसाहेबांकडे बोट करून म्हणाल्या, "मी येस्तवर पाळकसायबास्नी काय बोलायचं न्हाई."

दार लागलं. बिशपसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कस्तुराबाई पाऊण तासाने बाहेर आल्या. तोवर आम्ही तिघं त्या बाकावर न बोलता बसून होतो.